गुन्हा आमचा, नकारही आमचाच!

फेब्रुवारी 2017 मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, ओलेथ या गावी, एका बारमध्ये बसलेल्या दोन भारतीय इंजिनिअरांवर एका गोऱ्या माणसाने गोळ्या झाडल्या. माझ्या देशातून चालते व्हा, असे तो ओरडत होता. हैदराबादचा एक उमदा तरुण त्यात प्राणास मुकला. त्या माथेफिरूला अडवायला धावलेल्या एका गोऱ्या अमेरिकन तरुणाने स्वतःच्या अंगावर गोळी झेलली. भारतात संतापाची लाट उसळली, आणि ती उसळायलाच हवी होती. घराघरांत एकच शब्द ऐकू येत होता : वंशद्वेष. तो उच्चारण्यासाठी कोणाला पुरावा लागला नाही, चौकशी समिती लागली नाही, न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागली नाही.

पुढच्याच महिन्यात दिल्लीच्या वेशीवर, ग्रेटर नोएडात, बारावीतला एक मुलगा मरण पावला. अंमली पदार्थांमुळे तो गेला असावा, असा संशय होता. शेजारी राहणाऱ्या नायजेरियन विद्यार्थ्यांवर आळ आला. त्यांनी मुलाला मारून खाल्ले, इथपर्यंत अफवा गेली. पाच विद्यार्थ्यांना पोलिसांनी धरले आणि पुरावा नाही म्हणून सोडले. मग मेणबत्त्या घेऊन निघालेला मोर्चा बघता बघता पिसाट जमाव झाला. एका मॉलमध्ये शिरून या जमावाने, ज्यांचा त्या मृत्यूशी काडीचाही संबंध नव्हता अशा आफ्रिकन तरुणांना खुर्च्यांनी आणि कचऱ्याच्या लोखंडी डब्यांनी झोडपले. त्यांचा अपराध एकच, त्यांची कातडी काळी होती. त्या मारहाणीचे चित्रण साऱ्या देशाने पाहिले. आणि आमचे सरकार काय म्हणाले? हा गुन्हेगारी प्रकार आहे, चौकशी पुरी होईपर्यंत त्याला वांशिक म्हणू नका! दिल्लीतील आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी एकत्र येऊन या हल्ल्यांना वंशद्वेषी म्हटले आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेकडून चौकशी मागितली, तेव्हा लाज वाटण्याऐवजी आमच्या परराष्ट्र खात्याला त्या निवेदनाचाच राग आला. कॅन्ससमधील खुन्याचा हेतू हजारो मैलांवरून पहिल्या दिवशी ओळखणाऱ्या डोळ्यांना, राजधानीच्या दाराशी उभ्या असलेल्या जमावाचा हेतू दिसेनासा झाला.

कॅन्ससच्या खुन्याला खुनाबद्दल जन्मठेप झाली. त्याशिवाय, वंश आणि मूळ देश यांच्या द्वेषातून केलेला गुन्हा म्हणून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याखाली त्याला वेगळी जन्मठेप झाली. नोएडाच्या जमावावर आम्ही असा कोणता कायदा चालवणार होतो? तसा कायदा तेव्हा या देशात नव्हता आणि आजही पुरता नाही. ज्या गुन्ह्याच्या नावाने आम्ही जगाला धारेवर धरतो, त्या गुन्ह्याला आमच्या कायद्याच्या पुस्तकात पुरेशी स्वतंत्र जागा नाही. म्हणून आम्ही आज स्पष्ट शब्दांत बजावतो : भारतात वंशद्वेष आहे, तो नाकारण्याचे पाप सर्व पक्षांनी मिळून केले आहे, आणि जोवर हा गुन्हा कायद्यात नाव घेऊन लिहिला जात नाही, तोवर परदेशातील भारतीयांसाठी न्याय मागणाऱ्या दिल्लीच्या शब्दाला वजन येणार नाही.

पुरावा हवा असेल त्यांनी नुसत्या तारखा वाचाव्यात. जानेवारी 2014 : दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशच्या एका कोवळ्या विद्यार्थ्याला केसांवरून आणि चेहऱ्यावरून हिणवले गेले, त्याने जाब विचारला, त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच महिन्यात दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शनमध्ये खुद्द राज्याचा कायदामंत्री मध्यरात्री कार्यकर्त्यांची टोळी घेऊन आफ्रिकन स्त्रियांच्या दारात धडकला. कायदामंत्री! सप्टेंबर 2014 : राजीव चौक मेट्रो स्थानकात तीन आफ्रिकन तरुणांनी जीव वाचवायला पोलिसांच्या काचेच्या चौकीचा आसरा घेतला आणि जमावाने त्यांना तिथेही सोडले नाही. जानेवारी 2016 : बंगळुरूत एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीखाली एक स्त्री सापडून मेली, अर्ध्या तासाने त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या टांझानियाच्या एका मुलीला जमावाने खेचले, मारले, तिचे कपडे फाडले. अपघात करणारा एका देशाचा आणि मार खाणारी दुसऱ्याच देशाची. जमावाला तेवढा फरक करण्याचीही गरज वाटली नाही. मे 2016 : दिल्लीच्या वसंत कुंजमध्ये रिक्षावरून झालेल्या वादात काँगो देशाच्या एका तरुणाला ठेचून मारले. आफ्रिकी राजदूतांनी आफ्रिका दिनाच्या सोहळ्यालाच न येण्याचा इशारा दिला. तेव्हा केंद्रातील एका राज्यमंत्र्याने आफ्रिकनांवरील हल्ल्यांना किरकोळ झटापट ठरवले, तर दुसऱ्याने आफ्रिका तरी कुठे सुरक्षित आहे, असा उलटा सवाल केला. पाहुण्याच्या प्रेतासमोर उभे राहून असले उत्तर देणाऱ्यांच्या तोंडी अतिथी देवो भव शोभत नाही!

यात एका पक्षाला झोडपून दुसऱ्याला मोकळे सोडण्याची सोय नाही. भाजपचे माजी खासदार तरुण विजय यांनी 2017 मध्ये दूरचित्रवाणीवर असा युक्तिवाद केला की आम्ही वंशद्वेषी असतो तर दक्षिण भारतीयांबरोबर कसे राहिलो असतो. म्हणजे दक्षिणेच्या कोट्यवधी नागरिकांना सोबत राहू देणे हा त्यांच्यावर केलेला उपकार! पुढे त्यांना माफी मागावी लागली. 2024 मध्ये काँग्रेसचे सॅम पित्रोदा यांनी भारताची विविधता सांगताना पूर्वेचे लोक चिन्यांसारखे आणि दक्षिणेचे आफ्रिकनांसारखे दिसतात, असे विधान केले आणि त्यांना पद सोडावे लागले. खिडकी एक्स्टेन्शनमध्ये धडक देणारा मंत्री आम आदमी पक्षाचा होता. मतभेद आर्थिक धोरणावर असतील, परराष्ट्र धोरणावर असतील. पण माणसाच्या चेहऱ्यावरून त्याचे घर कोणते आणि लायकी कोणती हे ठरवण्याची खोड तिन्ही तंबूंत सारखीच आहे. प्रत्येक पक्ष दुसऱ्याच्या नेत्याची चूक पकडून दोन दिवस गदारोळ करतो, आणि तिसऱ्या दिवशी कायद्याचा विषय निघाला की तिन्ही पक्षांची वाचा बसते.

आणि मराठी वाचकहो, हे सगळे दिल्लीचे आणि उत्तरेचे दुखणे आहे असे समजून कोणी पान उलटू नये. ऑगस्ट 2012 मध्ये अफवांचे पेव फुटले आणि बंगळुरूतून, पुण्यातून ईशान्येची हजारो मुले जीव मुठीत धरून गावाकडे पळाली. रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या. विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या पुण्यात शिकायला आलेल्या मणिपुरी तरुणांना त्या दिवसांत रस्त्यावर मार खावा लागला. एप्रिल 2020 मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, मुंबईत कलिन्याला बाजारहाटासाठी निघालेल्या मणिपूरच्या एका मुलीवर मोटारसायकलवरून आलेला एक इसम मुखपट्टी खाली ओढून थुंकून गेला. ती भारताची नागरिक होती आणि तिच्या चेहऱ्याखेरीज त्या इसमाला तिच्याविषयी काहीही ठाऊक नव्हते. गोव्यात ऑक्टोबर 2013 च्या अखेरीस पर्रा येथे एका नायजेरियनाचा खून झाला; संतापलेल्या त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला. महामार्ग अडवणे चूकच होते आणि त्यावर कारवाई करायला कायदा समर्थ होता. परंतु राज्याचे मंत्री दयानंद मांद्रेकर यांनी नायजेरियनांची तुलना कॅन्सरशी केली. प्रेत नायजेरियनाचे होते आणि रोगही नायजेरियनच ठरले! ज्या गोव्याची मुले पोर्तुगालच्या पासपोर्टवर इंग्लंडमध्ये जाऊन गोदामांत राबतात आणि तिथे परकी म्हणून बोलणी खातात, त्या गोव्याच्या मंत्र्याला हे बोलवले तरी कसे?

मुंबईचा इतिहासही काही गंगाजळाने धुतलेला नाही. 1960 च्या दशकात याच शहरात दक्षिण भारतीयांच्या लुंगीची हेटाळणी करून राजकारण उभे राहिले, त्यांची उपाहारगृहे फोडली गेली. 2008 मध्ये रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना परीक्षा केंद्रांवर बडवले गेले. मराठी माणसाला नोकरी मिळावी ही मागणी न्याय्य आहे, ती आम्हीही करतो आणि करत राहू. पण ती मागणी सरकारच्या दारात ठणकावून करायची असते. परीक्षेला आलेल्या गरीब पोराच्या पाठीत लाठी घातल्याने कोणत्याही मराठी मुलाला नोकरी लागलेली नाही. फक्त दुबळ्याला मारण्याची सवय लागली.

रस्त्यावरचा जमाव एका दिवसात तयार होत नाही. तो घराघरांत वाढतो. पोटुशी सुनेला केशर घातलेले दूध देताना बाळ गोरे होईल असे सांगणारी सासू, सावळ्या मुलीला उन्हात खेळू नको म्हणून आत बोलावणारी आई, वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जात रंगाचा रकाना भरून घेणारा संचालक, आणि त्या रकान्यात गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी अशी उतरती भाजणी लावणारे आपण सगळे. मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीची फेअर अँड लव्हली 1975 पासून या देशातल्या मुलींना सांगत राहिली की नोकरी, नवरा आणि आत्मविश्वास ही तिन्ही गोऱ्या कातडीची बक्षिसे आहेत. 2020 मध्ये अमेरिकेत एका कृष्णवर्णीयाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि जग पेटले, तेव्हा त्या क्रीमचे नाव बदलले. पंचेचाळीस वर्षांत इथल्या एकाही सावळ्या मुलीच्या अश्रूंनी जे झाले नाही, ते परदेशातल्या आगीच्या झळेने झाले. आणि झाले तेही फक्त डबीवरच्या नावापुरते.

घर भाड्याने घ्यायला जा, म्हणजे या देशाची खरी घटना कोणती हे कळते. एजंट फोनवर आधी आडनाव विचारतो. आडनावावरून जात कळली नाही तर गाव विचारतो, गावावरून कळले नाही तर मांसाहार करता का हे विचारतो. मुसलमानाला, दलिताला, ईशान्येच्या मुलांना, आफ्रिकन विद्यार्थ्याला एकच उत्तर मिळते : आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटी ऐकणार नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावे तर त्याचीही हरकत नसते, इतर सभासदांची असते. कोणाचीच हरकत नसते आणि घर मात्र मिळत नाही. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकान, उपाहारगृह, हॉटेल, विहीर, तलाव, रस्ता यांची दारे जात, वंश, धर्म न पाहता सर्वांना उघडी केली. खासगी घर त्या यादीत नाही. 2005 मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते राखणारी उपविधी वैध ठरवली. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्यात खुल्या सभासदत्वाचे तत्त्व आहे, पण पागडीवाल्या चाळीच्या मालकाला आणि भाडेकरू पारखणाऱ्या एजंटाला ते कुठे लागू होते? मुंबई, पुणे, नाशिक या शहरांत माणसाचे नशीब आज ठरते ते घरावरून. घर मिळाले तर नोकरी टिकते, मुलांना शाळा मिळते. ते दार ज्याच्या हातात आहे त्याला कोणत्याही कारणाने ते आपटून बंद करण्याची मुभा आम्ही दिली आहे, आणि वर आम्ही समतेच्या राज्यात राहतो असे म्हणतो!

यावर ठरलेली उत्तरे येतात. त्यांचा एकदा हिशेब झालाच पाहिजे. पहिले उत्तर : आम्ही दीडशे वर्षे गोऱ्यांचे गुलाम होतो, आम्ही वंशद्वेषी कसे असू? अत्याचार सोसला म्हणून अत्याचार करण्याची क्षमता नष्ट होत नाही. उलट ज्याने चाबूक पाठीवर झेलला त्याने तो हातात घ्यावा, यासारखी अधोगती नाही. दुसरे उत्तर : आफ्रिकनांपैकी काही जण अंमली पदार्थ विकतात. विकत असतील तर त्यांना पकडा, खटला भरा, तुरुंगात टाका, देशाबाहेर काढा, कोण अडवतो? पण बँका बुडवून परदेशी पळालेल्या भारतीयांमुळे लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या तुमच्या मुलाला तिथल्या लोकांनी चोर ठरवले तर चालेल काय? तिसरे उत्तर : चिंकी, मोमो, कल्लू, हबशी हे गमतीने म्हणतो. ज्याच्यावर गंमत होते तो हसत नसेल, तर ती गंमत नव्हे. वसतिगृहाच्या खोलीत जे गमतीने सुरू होते तेच लाजपतनगरच्या फुटपाथवर जीव घेऊन थांबते. चौथे उत्तर : माझे घर, कोणाला द्यायचे ते मी ठरवीन. 1968 पूर्वी इंग्लंडमध्ये घरमालक हेच म्हणत होते, आणि ज्यांना घर नाकारले जात होते त्यांत आमचेच पंजाबी आणि गुजराती होते!

त्या 1968 सालाकडे या देशाने एकदा डोळे उघडून पाहावे. त्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवडाभरात अमेरिकेने वंश, वर्ण, धर्म, मूळ देश यांवरून घर नाकारण्यास बंदी करणारा कायदा मंजूर केला. त्याच वर्षी ब्रिटनने 1965 चा तोकडा वंशसंबंध कायदा वाढवून घरे आणि नोकऱ्या त्याच्या कक्षेत आणल्या. 1976 मध्ये ब्रिटनने तो आणखी कडक केला. त्याच कायद्याच्या बळावर 1983 मध्ये पगडीमुळे शाळेत प्रवेश नाकारलेल्या एका शीख मुलाला हाउस ऑफ लॉर्ड्सने न्याय दिला. म्हणजे परदेशात गेलेल्या भारतीयाला आज जे संरक्षण आहे ते तिथल्या कायद्यांनी दिलेले आहे. आणि भारताने 1968 मध्ये काय केले? वंशभेद निर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय कराराला डिसेंबरमध्ये मान्यता दिली. त्यांनी कायदे केले. आम्ही सही केली आणि कागद कपाटात ठेवला. पन्नासहून अधिक वर्षे तो कागद तिथेच आहे.

या कागदाची कथा आणखी संतापजनक आहे. 1946 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वंशभेद संयुक्त राष्ट्रांत सर्वप्रथम वेशीवर टांगला तो भारताने. विजयालक्ष्मी पंडित यांनी तिथे भारताची बाजू गाजवली, आणि त्या देशाशी व्यापार तोडण्याचे धैर्यही आम्हीच सर्वांआधी दाखवले. 1965 मध्ये करार तयार होत असताना वंशभेदाच्या व्याख्येत वंश आणि वर्ण यांच्या जोडीला जन्माने आलेला कुळसंबंध हा आधार घालण्याची दुरुस्ती सुचवली तीही भारताने. आणि 2001 मध्ये डर्बनच्या जागतिक परिषदेत दलित संघटनांनी त्याच आधारावर जातिभेदाचा प्रश्न मांडला, तेव्हा सारी ताकद लावून तो रोखणाराही भारतच! सरकारचा दावा असा की जात म्हणजे वंश नव्हे. जात म्हणजे वंश नव्हे हे बाबासाहेब आंबेडकरांनी जातीच्या वांशिक उपपत्तीचा समाचार घेऊन कधीच सांगितले आहे. सरकारने ते आम्हाला शिकवायला नको. प्रश्न उपपत्तीचा नाहीच. प्रश्न एवढाच आहे की जन्मावरून माणसाला विहिरीवर, घरात, नोकरीत, स्मशानात अडवले जाते की नाही. जाते! मग त्या अन्यायाला कोणत्या रकान्यात टाकायचे यावर जागतिक व्यासपीठावर वकिली करणे, हे त्या अन्यायाला पाठीशी घालणेच आहे. अमेरिकेत सिअॅटल शहराने 2023 मध्ये जातिभेदावर बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले आणि गव्हर्नरने ते परत पाठवले. त्या विधेयकाविरुद्ध कंबर कसून उभे राहिलेल्यांत आमचे सुशिक्षित, सुखवस्तू देशबांधव होते. गोऱ्याने आपल्याला हिणवले तर न्याय हवा, आणि आपण आपल्याच माणसाला हिणवले तर ते कोणाला दिसूही नये, ही वृत्ती सामान घेऊन सातासमुद्रापार गेली आहे.

देशातल्या कायद्याची गतही हीच. लाजपतनगरच्या मृत्यूनंतर फेब्रुवारी 2014 मध्ये केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. समितीने पाच-सहा महिन्यांत अहवाल दिला. वंशावरून अवमान आणि छळ करणाऱ्याला शिक्षा करणारी नवी कलमे दंडसंहितेत घाला, ईशान्येचा इतिहास अभ्यासक्रमात आणा, पोलिसांना प्रशिक्षण द्या, अशा शिफारशी त्यात होत्या. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा गुन्ह्यांवर देखरेखीसाठी समिती नेमण्याचा आदेश केंद्राला दिला. 2020 मध्ये करोनाच्या नावाने ईशान्येच्या लोकांचा छळ सुरू झाल्यावर गृहखात्याने राज्यांना सूचनापत्र पाठवले. समिती, आदेश, सूचनापत्र. कलम मात्र आले नाही. जुनी दंडसंहिता मोडून नवी भारतीय न्याय संहिता आणण्याची सुवर्णसंधी सरकारला मिळाली. 1 जुलै 2024 पासून ती लागू झाली. तिच्यात वंश, जात, जन्मस्थान, भाषा या कारणांवरून होणारा खून आणि जबर दुखापत यांसाठी वेगळी शिक्षा आली खरी. पण अट अशी की मारणारे पाच किंवा त्याहून अधिक असले पाहिजेत. चौघांनी मिळून मारले तर ते कलम नाही. जीव गेला नाही आणि जबर दुखापत झाली नाही तर ते कलम नाही. थुंकले, घर नाकारले, नोकरी नाकारली, वर्गात रोज चेहऱ्यावरून छळले, तर ते कलम नाही. गटागटांत वैर पसरवण्याविरुद्धचे कलम जुनेच आहे. ते सार्वजनिक शांततेची काळजी वाहते, एकट्या माणसाच्या अप्रतिष्ठेची नाही. कायद्याने न्याय द्यावा म्हणून पीडिताने आधी पाच हल्लेखोर मोजून घ्यावेत, अशी ही व्यवस्था ज्यांनी लिहिली त्यांनी लाजपतनगरच्या त्या मुलाचा बळी वाया घालवला आहे.

ही उदासीनता महाराष्ट्राला तर मुळीच शोभत नाही. या मुलखाच्या इतिहासात इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला एक काळा माणूस निजामशाहीचा पेशवा झाला. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, तिला भुयारी नहरींनी पाणी दिले, जमीन महसुलाची घडी बसवली आणि मोगलांची बलाढ्य फौज दख्खनच्या डोंगरांत रडकुंडीला आणली. त्या नहरी आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या मातीत आहेत. मोगल तख्तावरचा जहांगीर त्याच्या काळ्या तोंडाची निर्भर्त्सना करत होता आणि त्याच्या मुंडक्यावर बाण सोडतानाची चित्रे स्वतःसाठी काढून घेत होता. त्याच वेळी मराठे सरदार त्या काळ्या सेनापतीच्या हुकमाखाली लढत होते. 1624 मध्ये भातवडीच्या रणात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथे कामी आले. आफ्रिकन माणसाच्या नेतृत्वाखाली रक्त सांडलेल्यांचे वारस आज आफ्रिकन विद्यार्थ्याला पाहून जिन्यात बाजूला होतात! सह्याद्रीपलीकडे यल्लापूर-हल्याळच्या रानातला सिद्दी आज कोकणी बोलतो, शेकडो वर्षे याच मातीत राबतो, आणि बाजारात त्याला तू कुठल्या देशाचा असे विचारले जाते.

जोतिराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली ती अमेरिकेत निग्रोंना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केली. पुण्यात बसून त्या महात्म्याने मिसिसिपीच्या मळ्यातला गुलाम आणि सासवडच्या वेशीबाहेरचा अस्पृश्य यांचे दुःख एक म्हणून ओळखले. 1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर नेते ड्युबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाविषयी विचारणा केली. 1972 मध्ये मुंबईच्या तरुणांनी दलित पँथर स्थापन केली ती अमेरिकेच्या ब्लॅक पँथरकडे पाहून. काळ्या माणसाच्या लढ्याशी एवढे जुने, एवढे सख्खे नाते सांगणारी भाषा भारतात मराठीखेरीज क्वचितच सापडेल. हा वारसा जयंतीच्या भाषणांत मिरवायचा आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गाडायचा, हे यापुढे चालणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आणि ठाम आहेत. केंद्राने वंश, वर्ण, कुळ, चेहरेपट्टी आणि मूळ प्रदेश यांवरून होणारा भेदभाव, अवमान आणि हिंसा हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा करावा. आरोपी पाच असोत वा एक. बेझबरुआ समितीच्या शिफारशींची धूळ झटकून त्या संसदेत मांडाव्यात. पोलीस ठाण्यात अशा फिर्यादीची नोंद वांशिक गुन्हा म्हणून वेगळी व्हावी आणि ती टाळणाऱ्या ठाणे अंमलदाराला शिक्षा व्हावी. शाळेच्या पुस्तकांत ईशान्येचा आणि सिद्दींचा इतिहास यावा. राजकीय पक्षांनी वंशावरून, वर्णावरून बोलणाऱ्या आपल्या पुढाऱ्याचे तिकीट कापावे; माफीचे पत्रक पुरेसे नाही. संपादकांनीही गुन्ह्याच्या बातमीत आरोपी नायजेरियन असला की मथळ्यात देश आणि इथला असला की नुसता इसम, ही रीत आजपासून बंद करावी.

आणि महाराष्ट्र सरकारला आमचे आव्हान आहे. दिल्लीची वाट पाहू नका. अंधश्रद्धेविरुद्ध कायदा करण्याचे धैर्य 2013 मध्ये याच राज्याने दाखवले. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवणारा कायदा 2016 मध्ये देशात सर्वप्रथम याच विधिमंडळाने मंजूर केला. जातपंचायतीने वाळीत टाकणे हा गुन्हा असेल, तर सोसायटीने आणि एजंटाने माणसाला घराबाहेर ठेवणे हाही गुन्हाच आहे. घर विकताना आणि भाड्याने देताना जात, धर्म, वंश, वर्ण, मूळ प्रदेश यांवरून नकार देण्यास बंदी करणारा, दंड आणि तुरुंगवास दोन्ही असलेला, तक्रार महिनाभरात निकाली काढणारा कायदा या राज्याने करावा. त्यासाठी केंद्राच्या परवानगीची वाट पाहणे हा नुसता बहाणा ठरेल.

येत्या अधिवेशनात विधेयक मांडा. सत्ताधाऱ्यांनी मांडावे, विरोधकांनी त्याला पाठिंबा द्यावा, आणि ज्या आमदाराला ते नको असेल त्याने सभागृहात उभे राहून, नोंदीत आपले नाव येईल अशा आवाजात सांगावे की माणसाला त्याच्या कातडीवरून आणि आडनावावरून घराबाहेर ठेवण्याचा हक्क मला हवा आहे. तेवढे बोलण्याची हिंमत नसेल तर विधेयकाच्या बाजूने हात वर करा. तिसरा मार्ग नाही. तुमच्या मौनालाही आम्ही मतच समजू, ते जमावाच्या बाजूने टाकलेले मत समजू, आणि निवडणुकीच्या दिवशी मतदारांना त्याची नावानिशी आठवण करून देऊ!